मेलेल्या कर्णाला हाक

शेजारी नाटकवाल्यांनी खोबरेलात मुर्दाडशिंग घोटायला घेतलं आणि तोंडाला लावायच्या त्या पिवळ्या रंगाचा वास आमच्या ओसरीवर आला. हा वास आला की मला चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची ती पहाट आठवते.

लग्नानंतरची माझी पहिलीच मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा आणि रात्रभराचं नाटक. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात यांनी कर्ण केला होता. खेळ संपला, पेट्रोमॅक्स विझले, तरी कर्ण रथाच्या चाकाशी पडूनच. आमच्याकडे मेलेल्या कर्णाला घरच्या बाईनं नावानं हाक मारायची, मगच त्यानं उठायचं. दरवर्षी सासूबाई मारत. त्या पावसाळ्यात वारल्या होत्या.

"त्याचं नाव घे न बाई," पेटी वाजवणारे भाऊ म्हणाले. "नाई त कोन उठन, काय सांगता येते?"

सगळा गाव बघत होता. नवऱ्याचं नाव काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "अहो, उठा."

ते उठले. कुंडलं आताच कापून दिल्यासारखे त्यांनी कान चाचपले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर घट्ट धरला.

आता कसली लाज? तेव्हापासून रोज नावानं हाक मारते. आजही मारली. ते कान चाचपत मागं वळले, रिकाम्या अंगणात बघत राहिले.

"कोणाले बोलावून राह्यली, बाई?"