अनोळखी पायांनी फिटलेला नवस

देवाचं सगळं करायचं, पण देवावर काही सोडायचं नाही, असा माझा स्वभाव. पूजा, उपवास, अभिषेक, कशात म्हणून कसूर नाही. पण देव येऊन माझं काम करील यावर काडीचा विश्वास नव्हता. आपला हात जगन्नाथ. घरचे म्हणतात, यम दारात आला तरी आई म्हणेल, बस जरा, भांडी आवरून येते. ते काही खोटं नाही.

सून बाळंतपणात अडली होती, तेव्हा मी लेण्याद्रीच्या गणपतीला बोलले होते, बाळ-बाळंतीण सुखरूप राहू देत, संकष्टीला निर्जळी उपवास धरून अनवाणी चढून येईन. नात झाली, दोघी ठणठणीत घरी आल्या. संकष्टी मात्र आली नेमकी टोमॅटोच्या बांधणीच्या दिवसांत. निमगाव सावाच्या आमच्या मळ्यात बांबूंना तार ओढताना तिचं टोक अंगठ्यात घुसलं. हळद दाबली, चिंधी बांधली आणि पुढची सरी धरली. मग अंगठा ठणकायला लागला, अंगात कणकण आली, आणि संकष्टीच्या सकाळी तर हुडहुडीच भरली. मुलगा म्हणाला, "आई, आधी दवाखान्यात जाऊ." मी म्हटलं, "नवसाच्या दिवशी गोळी खाऊन उपास मोडू व्हय? चंद्र बघून सोडते, मंग ने कुटं न्यायचं तिथं." आमच्याकडे उपवासात अंग मोडून आलं तर ते उपवासाचं, आणि पायऱ्यांवर धाप लागली तर ती पायऱ्यांची. त्याला दुखणं म्हणून कुणी बघतच नाही.

लेण्याद्रीला पोचल्यावर मुलाला मी खाली गाडीपाशीच थांबवलं, कारण सोबत असता तर त्यानं मला चढू दिलं नसतं. अर्ध्या वाटेवर गेले आणि बसले. छाती भात्यासारखी हलत होती, तरी श्वास पुरत नव्हता. उठले, पुन्हा बसले. तेवढ्यात वरून एक म्हातारी उतरत आली. आंबेगावच्या डोंगराकडची असावी. लुगडं वर खोचलेलं, पाय अनवाणी. मला उठवायला म्हणून तिनं हात धरला आणि मग सोडलाच नाही.

"लई तापलीस गं. आन् बोटं बग, निळी पडल्यात. खाली चल."

"नवस हाय माझा. आता थोडंच राह्यलंय," मी म्हटलं.

"आमचा म्हातारा असाच दम टाकीत व्हता. आमी म्हनलं, चढनीचा दम हाय, बसल्यावर जाईल. न्हाई गेला." ती रडली नाही, पण तिच्या हाताची पकड घट्ट झाली.

मला राग आला. ही कोण मला अडवणारी? "मंग माझा नवस काय तू फेडनार हाईस?" मी तोडूनच बोलले.

"व्हय. आन इकडं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला नारळ नि दुर्वांची जुडी तिनं काढून घेतली. पुढे बोलायला माझ्यात त्राणच नव्हतं. कसाबसा मुलाला फोन लावला. तो धापा टाकत वर येईपर्यंत ती माझ्याजवळ उभी राहिली, आणि मग दर्शन उरकून उतरलेली ती बाई माझ्यासाठी पुन्हा वर चढू लागली.

नारायणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझी शुद्ध हरपत चालली होती. अंगठ्यातला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. त्याला सेप्सिस म्हणतात. बरं वाटल्यावर डॉक्टरांनी मला ते शेतकऱ्याच्या भाषेत समजावलं. जंतूंशी लढताना शरीर इतकं खवळतं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरच जखमी होतं. "ठिबकच्या नळ्यांना जागोजागी चिरा गेल्या, तर मोटर कितीही पळाली तरी शेवटच्या रोपाला पाणी पोचतं का?" त्यांनी विचारलं. तसं रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, वाहिन्या सैल पडतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात आणि रक्तदाब कोसळतो. फुप्फुसात हवेच्या इवल्या पिशव्या असतात, त्यांच्याभोवती अशाच नाजूक वाहिन्यांचं जाळं असतं. त्या पाझरल्या की हवेच्या जागी पाणी भरतं. छाती हलते, पण प्राणवायू रक्तात उतरत नाही. पायऱ्यांवर माझं तेच चाललं होतं. चंद्राची वाट बघितली असती तर चंद्र दिसलाच नसता.

तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीननं हवा द्यायला सुरुवात केली, तर मी मशीनशीही भांडले. ते आत ढकली तेव्हा मी बाहेर टाकी. मास्क ओढून काढला, पुन्हा बांधला, पुन्हा ओढला. शेवटी सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही जोर करू नका. ते देतंय तेवढा श्वास फक्त घ्या." जोर करू नको, असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हा ती म्हातारी डोळ्यांसमोर आली. माझ्या वाट्याच्या पायऱ्या दुसऱ्या कुणाचे पाय चढून गेले, आणि इथे श्वाससुद्धा मीच ओढणार हा माझा हट्ट! हात सैल सोडले. मनात म्हटलं, गजानना, आता तूच बघ बाबा. हळूहळू श्वास मशीनच्या चालीत बसला आणि मास्कच्या आत मी खूप रडले. भीतीनं नव्हे, इतकं हलकं मला कधी वाटलंच नव्हतं.

औषधांचा गुण आला, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, हे मी कधी नाकारणार नाही. अजून मळ्याच्या बांधापर्यंत गेलं की थांबावं लागतं, मी थांबते. तार लागली की दवाखाना गाठते आणि संकष्टी असली तरी गोळी घेते. गणपती रागावत नाही. रागावला असता तर एव्हाना मला कळलं असतं.

त्या बाईला मी पुन्हा पाहिलं नाही. तिनं माझं नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं, नवस कशाचा तेही नाही. गाभाऱ्यात गणपतीपुढे नारळ ठेवताना ती काय बोलली असेल? 'खाली एक बाई बसलीया, तिचा हाय,' एवढंच ना. तेवढ्यावर त्यानं मला ओळखलं.