यंदा राहिलेली तालीम

तेलीबागच्या शाळेत अकरावीला कायदा शिकवणाऱ्या मालिनीबाई कुठलाही धडा वर्गात नेण्याआधी घरी नवऱ्यावर करून बघत. सुधीरराव रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, मूळचे सांगलीचे; थोरली बहीण अक्का अजून तिथंच. आलमबागच्या घरी जेवणाच्या टेबलाशी हाताची घडी घालून ते विद्यार्थी होत आणि मुद्दाम तिरपागडे प्रश्न विचारून बाईंना छळत. लखनौला आल्यापासून ही तालीम कधी चुकली नव्हती.

यंदा चुकली. धडा रुग्णाच्या हक्कांचा होता.

महिन्यापूर्वी सुधीररावांच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि बाईंना आत बोलावलं. आपल्याकडे दुखणं आधी नातेवाइकांना कळतं, दुखणाऱ्याला जमलं तर! कॅन्सर होता आणि पसरला होता. बाईंनीच हात जोडले, "इन्हें मत बताइएगा, डॉक्टर साहब." बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, अल्सर आहे.

मुलाला, समीरला, मराठी समजे, पण तो बोले हिंदीच. त्यानंही बेंगळुरूहून फोनवर तेच धरलं. "आई, बाबा टूट जाएँगे. अभी रहने दो."

तेव्हापासून बाई पार शिणून गेल्या होत्या. गोळ्या पाकिटांतून काढून साध्या डबीत भरायच्या, रिपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायचे, वर चेहरा हसरा. सोमवारपासून केमो होतं. त्याला घरात 'ताकदीचं सलाईन' म्हणायचं ठरलं होतं. खोटं बोलायला काही अंगमेहनत लागत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यानं महिनाभर बोलून बघावं.

वर्गात धडा शिकवावा लागलाच. आपल्याला काय झालंय हे जाणण्याचा हक्क रुग्णाचा, उपचार घ्यायचे की नाही हे ठरवण्याचाही त्याचाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मागच्या बाकावरची नीलम उठली. "मैम, घरवाले ही मना कर दें तो?"

"पूछना मरीज़ से होता है, बेटा. घरवालों से नहीं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलांना आपापलं वाचायला सांगितलं आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

संध्याकाळी घरी आल्या तर सुधीरराव टेबलाशी हाताची घडी घालून तयार.

"हक्कांचा धडा यंदा माझ्यावर केला नाहीस."

"झाला शिकवून. दमलेय हो मी."

त्यांनी हात वर केला. "बाई, एक शंका. बायकोला माहीत आहे आणि नवऱ्याला नाही, हे कायद्यात बसतं का?"

बाईंना आधी रागच आला. मग रडू आलं. मग खांद्यावरची पर्सही न काढता त्या समोर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्सरचं, तो पसरल्याचं, सोमवारच्या सलाईनचं.

सुधीरराव ऐकत होते. हात अजून अर्धवट वरच होता, तो त्यांनी खाली घेतला.

"अक्काला मी सांगलीला कळवून बसलो, अल्सर बरा झाला की उन्हाळ्यात येतो म्हणून," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात मला प्रवास झेपला असता गं. तू सांगितलं असतंस, तर मी तेव्हाच गेलो असतो."