फक्त बटन दाबायचा कॅमेरा

नातीनं फोटोग्राफीच्या क्लाससाठी जुना रीळवाला कॅमेरा आणला. त्याचं चामड्याचं कव्हर उघडलं, तो वास नाकात गेला आणि मी लाखनीच्या त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. रागही तसाच्या तसा आला बघा.

तेव्हा भंडाऱ्याला बायकांसाठी फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता. सरांनी बजावलं होतं, कॅमेरा जुना, स्वस्तातला चालेल, पण उजेड आणि अंतर हातानं जमवता आलं पाहिजे. तसा एक दुकानात होताही. काळा, जड, कडेचा रंग उडालेला आणि नव्यापेक्षा स्वस्त! मी हात पुढे केला, तर दुकानदारानं तो कपाटात सरकवला आणि आमच्या ह्यांच्याशी बोलू लागला.

"भाऊ, बाईमाणसाले एवढी फिरवाफिरवी कायले? हा प्लास्टिकचा न्या. फक्त बटन दाबाचं."

"बरोबर आहे," हे मला म्हणाले, "तुले हाच सोपा जाईन."

अहो, शिकायला मी जाणार होते ना! शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडणारी मी, मला भिंगावरची एक रिंग फिरवता आली नसती?

वर्गात सर म्हणाले, "आता रिंग फिरवा." सगळ्यांनी फिरवली. माझ्या कॅमेऱ्याला फिरवायला काही नव्हतंच. चौथ्या दिवसापासून मी गेलेच नाही.

इतकी वर्षं मी त्या दोघांवर चिडत आले. हे ऐकून नात म्हणाली, "पण आजी, मले तोच पाहिजे, असं तू काहून नाही बोलली?"

आता हा राग कोणावर काढू, सांगा.