न धुतलेला डॉक्टरचा कोट

अतिदक्षता विभागात मी डॉक्टर म्हणून एकदाच शिरलो आहे, आणि खरं सांगतो, भूमिका फार छान वठली होती.

ताई, माझी थोरली बहीण, आतड्याच्या ऑपरेशननंतर खराडीच्या एका हॉस्पिटलमध्ये होती. ताप हटत नव्हता. रक्तात बुरशी सापडली होती आणि तिच्यावरचं औषध चालू होतं. भेटायची वेळ संध्याकाळी पंधरा मिनिटं, एका वेळी एक माणूस. आमच्याकडे नातेवाईक उदंड, माझा नंबर लागेपर्यंत दार बंद! मला तर एका जागी दोन मिनिटं बसवत नाही. शेवटी एका दुपारी आमच्या हौशी नाटक मंडळाच्या पेटीतला पांढरा कोट चढवला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि सरळ आत गेलो. शिकाऊ डॉक्टर उठून उभे राहिले. मी "हं, बसा" म्हणालो. पलंगाच्या कठड्याला टेकून ताईचा हात हातात घेतला, पांघरूण सारखं केलं. ती डोळे किलकिले करून म्हणाली, "मेल्या, पकडतील तुला." आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पडदा पडल्यावर टाळ्या मिळाव्यात तसा मी बाहेर आलो. जाता जाता कोट पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खऱ्या डॉक्टरांनी बोलावलं.

"ही बुरशी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, असा रिपोर्ट आलाय. दुसरं इंजेक्शन सुरू केलंय, त्याने उतार पडेल. पण ही कातडीला, कठड्याला, कपड्याला चिकटून राहते. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याच्या रक्तात शिरली, तर मात्र आमच्याकडे औषधं मोजकीच उरतात."

मागोमाग सिस्टर वही घेऊन आल्या. "चार नंबरच्या पेशंटजवळ कोण कोण गेलं, त्याची यादी करतोय. काल एक डॉक्टर येऊन गेले, ते कोण, कुणालाच माहीत नाही."

"उंच होते?" मी आशेने विचारलं.

"ढेरी होती."

"मग मीच."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "कोट कुठंय?"

कोट मंडळाच्या पेटीत होता, तसाच न धुतलेला. आमच्या मंडळाचा नियम असा, की स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत बक्षीस मिळालं की अंतिम फेरीपर्यंत त्या नाटकातला एकही कपडा धुवायचा नाही. यश धुऊन जातं म्हणे. नियम माझाच. आणि नाटकात डॉक्टर होणार होते काका. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ नट. काकूंनी त्यांना स्वतःची एक किडनी दिली होती. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये म्हणून काका रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत. त्या दिवशी चार वाजता खडकीत रंगीत तालीम होती. साडेतीन वाजले होते. फोन लावला, बंद. तालमीच्या हॉलमध्ये पाऊल ठेवताच सगळ्यांनी फोन बंद करून टोपलीत टाकायचे, हाही नियम माझाच!

सिस्टरनी हात कोपरापर्यंत धुवायला लावले, हातमोजे आणि जाड पिशवी दिली. स्कूटर काढली. त्या दिवशी येरवड्याचे सिग्नल माझ्यासाठी राखून लाल ठेवले होते.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा काकांचा डावा हात बाहीत गेला होता.

"काका, काढा तो कोट! त्याला बुरशी लागलीये!"

मंडळी खदाखदा हसली. महिन्यापूर्वी माझे संवाद पाठ नव्हते, तेव्हा मी पंख्यावर साप आहे म्हणून तालीम उधळली होती.

काका भूमिकेतच म्हणाले, "पेशंट गंभीर दिसतोय. जीभ दाखवा."

"काका, आईशपथ!"

"सापाच्या वेळीही तीच शपथ होती, बाळ."

पहिल्या रांगेत काकू विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया थांबवल्या. "अहो, काढा तो. हा पोरगा घामाने निथळलाय बघा. नाटकात याला कधी घाम येत नाही, मन लावून काम करतोय कुठे?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हात बाहेर काढला. मी हातमोजे घालून कोट पिशवीत कोंबला आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "मी दुसरी किडनी देऊ शकत नाही रे."

हॉस्पिटलने काकांच्या आणि माझ्या काखेतून, जांघेतून नमुने घेतले. रिपोर्ट येईपर्यंत मला त्यांच्या जिन्यावर पाय ठेवायला बंदी. ताईला भेटून रोज संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीखाली येरझाऱ्या घालायचो. एवढा बडबड्या माणूस, पण एक किस्सा सुचेल तर शपथ. काका वरून ओरडत, "ताप नाही रे!" मागून काकू, "ऐकलं ना? निघा आता."

रिपोर्ट स्वच्छ आला. आठवड्याने पुन्हा नमुने घेतले, तेही स्वच्छ. तोवर नव्या इंजेक्शनने ताई साध्या वॉर्डात आली होती आणि नर्सना माझी नक्कल करून दाखवत होती.

अंतिम फेरीत काकांनी नवा कोट घातला. काकूंनी तो तीनदा धुतला होता. बक्षीस मिळालं नाही. मंडळी अजून म्हणतात, कोट धुतला म्हणून गेलं. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, हा संवाद विसरला म्हणून गेलं. मी बेल वाजवली, की काकू दार न उघडता आतून फक्त विचारतात, "हात?"

धुतलेले असले तरी मी मुकाट्याने जिना उतरतो आणि खालच्या नळाशी जातो.