उणे आठ, अधिक चार

"सरांचा निबंध निर्दोष होता. संमिश्र अवकाशातील वक्र पृष्ठांविषयी जगाला अज्ञात असलेला सिद्धान्त त्यांनी आर्वीसारख्या गावी बसून शोधला होता. परंतु तहसील कचेरीतील एका अर्धशिक्षित नकलनवीसाने नक्कल करताना आपल्या अज्ञानाने त्याची माती केली, आणि निराश झालेल्या सरांनी गणित कायमचे सोडले."

आमच्या हायस्कुलाच्या स्मरणिकेत माझ्याविषयी हा मजकूर छापून आला आहे. लिहिणारा माझाच जुना विद्यार्थी आहे, आणि त्याने तो प्रेमापोटी लिहिला यात मला शंका नाही. प्रेमापोटी लिहिलेले खोटे हेही खोटेच असते. सिद्धान्त अज्ञात नव्हता. परदेशातील गणितज्ञांनी तो माझ्या आधीच सिद्ध केलेला होता, आणि मी तसे निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. मी गणित सोडले नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत शिकवले, आणि ज्यांना ते आले नाही त्यांना नापासही केले. उरला तो नकलनवीस. त्याच्याविषयीचे वाक्य असे एका ओळीत खोडता येत नाही. तो आज हयात नाही, आणि या गावात त्याची आठवण कोणी काढलीच तर 'मास्तरचा निबंध बुडवणारा' एवढीच काढतात. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे. ती निघण्यापूर्वी हे वाक्य तिच्यातून गेले पाहिजे, म्हणून हा लेख.

आधी निबंध काय होता ते सांगतो, कारण ज्यांनी त्याविषयी लिहिले त्यांपैकी एकानेही तो वाचलेला नाही.

ते दिवस नागपूर राजधानी असतानाचे, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या आधीचे. शास्त्रीय विषय मराठीतून मांडता येतात की नाही, यावर तेव्हा शिक्षकांच्या खोलीत रोज वाद होत. नागपूरच्या एका मंडळाने मराठीतून शास्त्रीय निबंध मागवले, आणि उत्तम निबंधाच्या लेखकाला दोन वर्षे संशोधनासाठी पाठवण्याचे जाहीर केले. मी सत्तावीस वर्षांचा होतो, एम.एस्सी. होतो, आणि नववीच्या वर्गाला त्रैराशिके शिकवत होतो. मी अवकल भूमिती, म्हणजे वक्रता मोजण्याचे गणित, निवडली. तीही संमिश्र अवकाशातली.

संमिश्र संख्येला दोन अंगे असतात, म्हणून एक संमिश्र संख्या मांडायला सपाट कागद लागतो. अशा दोन संख्या एकत्र मांडायच्या, तर चार दिशा लागतात. त्या चार दिशांच्या अवकाशात 'दुसरी संख्या म्हणजे पहिलीचा वर्ग' एवढीच अट घातली की एक पृष्ठ मिळते. ते डोळ्यांनी दिसत नाही, पण त्याची वक्रता मोजता येते. बैलाच्या वशिंडामागे पाठीवर हात फिरवून पाहा: लांबीच्या दिशेने पाठ खाली दबलेली लागते आणि आडव्या दिशेने दोन्ही बाजूंना उतरलेली. अशा परस्परविरोधी वळणाच्या पृष्ठाची वक्रता ऋण असते. वाटीचे वळण सर्व दिशांना सारखेच, म्हणून तिची वक्रता धन. मी सांगितलेले पृष्ठ प्रत्येक बिंदूपाशी बैलाच्या पाठीसारखे आहे. आरंभबिंदूपाशी त्याची वक्रता उणे आठ येते. मी ती तीन मार्गांनी काढली होती.

आता मेख अशी की प्रत्येक संमिश्र संख्येला एक जोडीदार संख्या असते. आरशातले प्रतिबिंब म्हणा. संख्येला स्वतःनेच गुणण्याऐवजी तिच्या जोडीदाराने गुणले, तर तेच पृष्ठ क्षणात पालटते आणि वाटी होते. आरंभबिंदूपाशी वक्रता अधिक चार. माझ्या निबंधाचा सारा जीव या भेदात होता: जोडीदाराला बाहेर ठेवले तर पृष्ठ कुठेही वाटीसारखे फुगत नाही; त्याला आत घेतले की ती हमी संपते. तिसऱ्या पानावर बैलाची पाठ होती, सातव्या पानावर वाटी.

जोडीदार दाखवायला जगभर अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात. इंग्रजी अक्षरांना ती शोभते. माझा हट्ट होता की निबंधात इंग्रजी अक्षर एकही येणार नाही. मग मी ठरवले की संख्येसाठी नुसता 'य' लिहायचा तर डोक्यावर रेघ न देता लिहायचा, आणि रेघ दिलेला 'य' म्हणजे त्याचा जोडीदार. मला ही युक्ती फार देखणी वाटली. एरवीही मी घाईत शिरोरेघ देत नसे. माझे सगळे लेखन बोडके असे. त्यामुळे कच्च्या प्रतीत जिथे रेघ दिसेल तिथे जोडीदार, हे मला स्वतःला आरशासारखे स्पष्ट होते.

हेडमास्तरांनी प्रत चाळली आणि म्हणाले, "अहो, देवनागरीत रेघ म्हणजे अक्षराचा नेसूचा कपडा. तुम्ही तिलाच निशाणी केलीत. छोटीशी चांदणी द्या, टिंब द्या, काहीही द्या."

मी म्हणालो, "साहेब, वाचणारे गणितज्ञ असतील."

"लिहून काढणारा कोण असेल?"

मी प्रत उचलली आणि वर्गावर गेलो. स्मरणिकेत हा संवाद नाही. तो मला ठाऊक आहे आणि हेडमास्तरांना होता.

मंडळाची अट होती की निबंध सुवाच्य शाईच्या अक्षरात हवा. माझे अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. म्हणून मी तहसील कचेरीतल्या नकलनवीसाकडे गेलो. कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खऱ्या नकला करून देणे हे त्याचे काम. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, अंगाने वाळका, चारचौघांत न बोलणारा. 'अर्धशिक्षित' म्हणतात त्याला. मराठी, हिंदी, मोडी आणि थोडी उर्दू लिपी त्याला वाचता येत असे. स्मरणिकेच्या लेखकाला यांपैकी दीड येते.

त्याची पद्धत मी पुष्कळदा पाहिली. कोऱ्या कागदावर तो आधी पट्टी ठेवून वरून खालपर्यंत साऱ्या शिरोरेघा ओढून घेई, आणि मग दोरीवर धोतरे वाळत घालावीत तशी अक्षरे तिच्याखाली टांगत जाई. ओळ कधी चढत नसे, कधी उतरत नसे. शब्द संपला की तेवढ्यापुरती रेघ चाकूच्या टोकाने खरवडून काढी. माझी कच्ची प्रत हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, बिना रेघेचं अक्षर म्हणजे बिना पागोट्याचा माणूस. आमच्या कचेरीत त्याले उभा नाई राहू देत."

"भाऊ, तुम्ही फक्त जसेच्या तसे उतरवा."

"ते तर करूच. पण हे आहे काय, ते तरी सांगा. न समजता लिहिलेल्या कागदावर 'खरी नक्कल' लिहाले माझा हात धजत नाई."

मी त्याला बैलाची पाठ सांगितली आणि वाटी सांगितली. त्याने डोळे मिटून हवेत हात फिरवला, वशिंडामागून शेपटीकडे, मग आडवा. "पाठ समजली," तो म्हणाला. "पण तो चार दिशांचा बैल तुमी आणला कोणत्या बाजारातून? आर्वीत तर नाई दिसत असा."

मी हसलो. एवढे समजलेला माणूस आपल्या भेदाकडे लक्ष देईल, असे मला तेव्हा वाटायला हवे होते. मला वाटले ते एवढेच, की म्हातारा गमत्या आहे.

त्या कचेरीची एक रीत होती, आणि या सगळ्या प्रकरणाचा निकाल तिच्यावर लागतो. मूळ कागदात जे आहे ते नकलनवीसाने सुधारायचे नाही, मग त्यात उघड चूक का दिसेना. आणि जिथे मूळ संदिग्ध असेल तिथे अंदाज करायचा नाही. वेगळा कागद घेऊन तो उभा दुमडायचा, डाव्या बाजूला शंका लिहायची, उजवी बाजू मालकासाठी कोरी ठेवायची. मालकाने उत्तर लिहून सही करायची. काम संपले की तो शंकेचा कागद मूळ प्रतीला दोऱ्याने शिवून परत द्यायचा.

मुदत संपण्याच्या आठवड्यात तो दुपारच्या सुट्टीत शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत माझा वाद ऐन रंगात होता. विषय तोच, मराठीत शास्त्र येते की नाही. त्याने माझ्यापुढे दुमडलेला कागद ठेवला. मी त्याला बसा म्हटले नाही. उभ्याउभ्याच, बोलता बोलता, मी उजवी बाजू भरत गेलो आणि सही केली. तो म्हणाला, "मास्तर, एकदा वाचून पाहा. सातवी शंका मोठी आहे."

"नकलेत मोठे काय असते, भाऊ?" असे मी म्हणालो. खोलीतले दोघे हसले. तो कागद घेऊन गेला.

नक्कल आली ती इतकी सुंदर होती की मी ती वाचली नाही, नुसती पाहिली. पोस्टाने पाठवून दिली.

दोन महिन्यांनी निबंध परत आला. परीक्षकांनी शेवटच्या पानावर लिहिले होते: लेखक तिसऱ्या पानावर ज्या पृष्ठाची वक्रता उणे आठ सांगतात, सातव्या पानावर त्याच पृष्ठाची अधिक चार सांगतात, विषयाची प्राथमिक कल्पनाही त्यांना आलेली दिसत नाही. मी पाने उलटली. एकूण एक अक्षरावर रेघ होती. बैलाची पाठ आणि वाटी यांची मांडणी तंतोतंत एक झाली होती. परीक्षकांचे काहीच चुकले नव्हते.

त्यानंतर मी जे केले ते स्मरणिकेत नाही, म्हणून इथे लिहितो. मी सरळ तहसील कचेरीत गेलो. ओसरीवर तळेगावहून, कुठून कुठून आलेले वीसपंचवीस पक्षकार बसले होते. त्यांच्या देखत मी नक्कल त्याच्या मेजावर टाकली आणि म्हणालो, "ज्याला रेघेचा अर्थ कळत नाही त्याने लेखणी धरू नये. दोन वर्षे घालवलीत माझी."

तो उठून उभा राहिला. त्याने नक्कल उचलली, तिच्या कडा सारख्या केल्या, आणि मला परत दिली. "मूळ पाहून घ्या, मास्तर," तो म्हणाला. "आमी मुळाबाहेर जात नाई."

एवढेच. मी मूळ पाहिले नाही. नक्कल आणि कच्ची प्रत एका फडक्यात बांधली आणि ट्रंकेच्या तळाशी टाकली. गावात जी हकीकत पसरली ती त्या दिवशी ओसरीवरून, माझ्या तोंडून पसरली. स्मरणिकेच्या लेखकाने ती ऐकली, तो तिचा कर्ता नाही. कर्ता मी आहे. पुढे त्या माणसाने कचेरीबाहेरचे काम कधी घेतले नाही. बाजारात मी समोरून आलो की तो नमस्कार करी. मी करत नसे.

ते फडके मी या उन्हाळ्यात सोडले, स्मरणिका वाचल्यावर. उद्देश काय होता तेही सांगतो: 'निबंध निर्दोष होता' या वाक्याला पुरावा म्हणून मूळ प्रत छापायला द्यावी असा. म्हणजे अभिमानानेच मी त्या गाठीला हात घातला.

त्यानंतर स्मरणिकेच्या लेखकाला घरी बोलावले आणि वाक्य काढायला सांगितले.

"काऊन पण, सर? तुमचंच तर नाव होऊन राह्यलं त्याच्यात."

"ते माझे नाही, म्हणून."

"तो माणूस कधीचा गेला. त्याले आता का फरक पडते?"

"मला पडतो."

"लोक हसतील, सर. इतक्या वर्षांनी मास्तर म्हणतात, चूक माझी होती."

"हसू देत. मी आयुष्यभर पोरांना सांगितले की उत्तर चुकले तर पायरी दाखवा. ही पायरी आहे."

त्याला ते पटल्यासारखे दिसले नाही. जाताना म्हणाला की बाकीच्यांच्या मते नकलनवीसाने विचारायला हवे होते; न विचारता सगळीकडे रेघ ओढली, हा दोष तर त्याचाच. हेच वाक्य मी नंतर आणखी दोघांकडून ऐकले. एकाने तर कचेरीत असे विचारण्याची पद्धतच नव्हती, असेही सांगितले. हा गृहस्थ त्या काळी पाळण्यात होता.

तेव्हा सर्वांना एकदाच सांगतो. कच्च्या प्रतीला काळ्या दोऱ्याने शिवलेला, उभा दुमडलेला एक कागद माझ्यापाशी आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने घरी यावे. चहा मिळेल, वाद घालू दिला जाणार नाही. त्याच्या डाव्या बाजूला, सरळ ओळींच्या स्वच्छ अक्षरात, सातवी शंका आहे: 'मुळात काही अक्षरांवर रेघ आहे, काहींवर नाही, यात अर्थभेद असावा असे वाटते. तरी नकलेत सर्वांवर द्यावी काय?' आणि उजव्या बाजूला, माझ्या बोडक्या अक्षरात, माझ्या सहीसह, एक शब्द आहे: 'द्यावी.'