सासूबाईंवर ठेवलेली पाळत

माझ्या मुलीचं नाक म्हणजे कायम भरलेलं. जरा सुकलं की पुन्हा वाहायचं, कपाळ ठणकायचं, ताप यायचा. चिखलीच्या डॉक्टरांनी सायनसचं औषध दिलं आणि बजावलं, "बाटली पूर्ण संपवा. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका. पुन्हा उलटलं तर अकोल्याला न्यावं लागेल. कदाचित ऑपरेशन." तो शब्द ऐकून पोरीनं माझं बोट घट्ट धरलं.

बायकोची नोकरी नांदुऱ्याला, ती रविवारीच घरी. म्हणून पोरीकडे बघायला जळगाव जामोदहून सासूबाई आल्या, सोबत पिशवीभर ओवा आणि सुंठ. ओवा तव्यावर शेकून त्याची पुरचुंडी हुंगवणं, कपाळाला सुंठेचा लेप, डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ, इथवर माझी हरकत नव्हती. पण एकदा शेजारणीला त्या म्हणाल्या, "त्या इंग्रजी औषधानं लेकराच्या पोटात आग होते वं." मी दाराआडून ऐकलं आणि ठरवूनच टाकलं: औषध मोरीत जाऊन राह्यलं!

सरळ विचारायचं, तर सासूबाई. मग मी गुपचूप बाटलीवर पेनानं रेघ मारली, औषध जिथवर होतं तिथे. दुसऱ्या दिवशी पाहिलं, औषध रेघेलाच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. मी आणखी एक रेघ मारली, जाड. पुरावा पक्का हवा ना! पोरीचं तोंडही हुंगून पाहिलं, औषधाचा गोड वास येतो का ते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"जवाईबापू, काऊन हुंगून राह्यले पोरीले?"

"काही नाही, लाड करतोय."

"आमच्याकडे लाड तोंडानं करतात, नाकानं नाही."

या बाईंना सुगावा लागलाय, असं मला वाटलं आणि मी अधिकच सावध झालो. पोरीला पुन्हा कणकण आली तरी मी पुरावाच जमवत बसलो.

शेवटी ताप चढला. पोरीला घेऊन मी आणि सासूबाई दवाखान्यात गेलो. मी बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, रेघा त्यांच्याकडे करून. "बघा, साहेब. थेंब कमी झालेला नाही."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या गडबडल्या. "डॉक्टरसाहेब, मी तं रोज देऊन राह्यली होती. मंग बाटलीवर रेघ दिसली. मले वाटलं, जवाईबापूनं काम आपल्या हातात घेतलं, मोजून देऊन राह्यले. मंग मी कशाले हात लावू?"

"आणि पोटात आग होते म्हणाला होतात, ते?" मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"होते नं! म्हणून तं आधी वरण-भात चारत होती."

डॉक्टर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले, की तपासून घ्यायला मीच आलोय असं वाटावं. अकोल्याची चिठ्ठी लिहायला घेतलेला कागद त्यांनी बाजूला सारला, नवी बाटली दिली, ती माझ्या हातात नाही, सासूबाईंच्या. "वाफ चालू द्या. पुरचुंडी जास्त गरम नको. आणि हे शेवटपर्यंत."

त्या दिवसापासून रोज स्वयंपाकघरातून हाक यायची, "या जवाईबापू, पाहून घ्या." मी निमूट जायचो. चमचा पोरीच्या तोंडात, मग रिकामा चमचा माझ्या डोळ्यांसमोर. बाटली संपली तेव्हा सासूबाईंनी ती उलटी धरून झटकून दाखवली.

अजून तरी अकोल्याला जावं लागलेलं नाही. पण पोरगी शिंकली, की सासूबाई आधी माझ्याकडे बघतात.