शिवाप्पाच्या गाडीचं हेड

टक्.

एवढाच आवाज. अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा. पण त्या आवाजासरशी आमच्या गॅरेजातले सगळे हात थांबले होते. इतकी वर्षं झाली, तो अजून माझ्या कानात आहे.

इंजिन खोलून परत बसवलं की एखादा नट, एखादा वॉशर उरतोच. तो कुठला ते कळत नाही आणि टाकवतही नाही, मग डब्यात पडून राहतो. माझ्याकडचे किस्से असेच साठलेत. चाळायला बसलं की त्यातले बरेचसे एकाच गाडीचे निघतात. शिवाप्पाच्या ट्रकचे. आज तेवढेच सांगतो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरात हैदराबाद रोडला आमचं गॅरेज. करीमचाचा उस्ताद, मी त्यांच्या हाताखालचा मिस्त्री. शिवाप्पा अक्कलकोटकडचा. ट्रक स्वतःचा, ड्रायव्हरही स्वतःच. माल भरून घाट चढायला लागलं की त्याच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, किंचित उचलायचं, मधली गॅस्केट जळायची, रेडिएटरचं पाणी बाहेर उडायचं आणि गाडी आमच्या दारात यायची. तेव्हा हेड बोल्टांनी आवळलेलं असे. जुने बोल्ट आवळून आवळून ताणले गेले होते. त्या दिवशी चाचा शेवटचा पीळ देत होते आणि टक् करून एक बोल्ट तुटला. अर्धा पान्यात राहिला, अर्धा खाली इंजिनच्या ब्लॉकमध्ये.

शिवाप्पा बाहेर उभा होता. तिथूनच विचारलं, "काय मोडलं, चाचा?"

चाचांनी हातातला तुकडा खिशात टाकला. "कुछ नहीं रे. गाडीला शिंक आली."

शिवाप्पानं दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "मग आज ऱ्हाऊ द्या. शिंकेवर काम करत न्हाईत."

त्यानं आत येऊन पाहिलंही नाही. पहाटे मी गॅरेज उघडायला गेलो तर तो बंद दाराला टेकून रात्रभर जागाच बसलेला होता.

*

दोन दिवसांनी त्याचा थोरला भाऊ आला. गुरप्पा. पांढरं धोतर, मांडीवर कापडी पिशवी. दारातल्या जुन्या टायरवर बसला तो दिवसभर तिथंच. चहा दिला, प्यायला.

संध्याकाळी सगळ्यांसमोर शिवाप्पाला म्हणाला, "ट्रक घेतलास का सून आणलीस रे? जरा चढ लागला की माहेरला पळतीया."

आम्ही हसलो. शिवाप्पा हसला नाही.

मग मला शिवाप्पानं बाजूला घेऊन सांगितलं. गावाकडं शेतीला अण्णा, म्हणजे गुरप्पा, एकटाच. धाकट्यानं घरी यावं, हे त्यानं लई दिवस धरून ठेवलेलं. या वेळी आईसमोर शब्दच घेतला होता. हेड दुरुस्त झाल्यावर पहिल्या भरल्या खेपेला पाणी उडालं, तर ट्रक विकायचा आणि घरी परत यायचं. ती खेप बघायला म्हणून अण्णा मुक्कामाला आलेला.

"दत्तू," शिवाप्पा म्हणाला, "मला दुसरं काय येत न्हाय रे. बसू का मी रानात? बसवंल का मला?"

मी पाना पुसत राहिलो.

*

ब्लॉकमध्ये अडकलेला तुकडा चाचांनी ड्रिलनं काढला आणि ठरवलं की आता बोल्ट नकोत, दोन्ही टोकांना आटे असलेले स्टड घालायचे. फरक सोपा आहे. बोल्ट दर वेळी ब्लॉकच्या आट्यांत फिरतो आणि आटे झिजतात. स्टड एकदा ब्लॉकमध्ये बसला की तिथंच राहतो, वर फक्त नट फिरतो. पण स्टडला लोखंड चांगलं पाहिजे. चांगलं लोखंड म्हणजे जुन्या ट्रकच्या चाकांचा दांडा, अ‍ॅक्सल. तो आणून लेथवर कातून घ्यायचा.

मी आणि शिवाप्पा भंगार बाजारात गेलो. दुकानदारानं पहिलाच अ‍ॅक्सल छान दाखवला. शिवाप्पानं विचारलं, "ही गाडी कशी गेली?"

"पुण्याच्या रोडला पलटी झाली."

शिवाप्पानं हात मागं घेतला. माणूस गेलेल्या गाडीचं लोखंड त्याला आपल्या गाडीत नको होतं. दुसरा अ‍ॅक्सल काढला, तो पुलावरून पडलेल्या गाडीचा. तिसरा आगीतला. शिवाप्पाच्या कपाळावर घाम आला. दुकानदार काय समजायचं ते समजला. आत जाऊन चौथा घेऊन आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा घ्या. मालकाच्या दारात गेली बिचारी. म्हातारपणानं. शेवटी शेवटी तर हॉर्नसुद्धा वाजत नव्हता."

शिवाप्पानं तो अ‍ॅक्सल स्वतःच्या खांद्यावर घेतला. मला हात लावू दिला नाही.

*

लेथवाला नरसय्या. त्याचं सगळं काम यंत्रमागाच्या पार्टांचं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी आमच्यासारखं मराठी. ट्रकचं काम म्हटल्यावर तो आधी नाहीच म्हणाला. मागाचा पार्ट मोडला तर चादर थांबते, तुमचा मोडला तर गाडी घाटात थांबते, ते पाप मला नको, असं त्याचं म्हणणं. शिवाप्पा त्याच्या दारातून हलेना. शेवटी कातायला घेतलं. अ‍ॅक्सल इतका कडक की हत्यारं बोथट होऊ लागली.

"ह्ये लोखंड न्हवं," नरसय्या म्हणाला, "आमचा घरमालक हाय. कसंबी करा, मऊ म्हणून पडत न्हाय."

स्टड तयार झाल्यावर तो स्वतः घेऊन आला. नव्या टॉवेलात गुंडाळलेले. एकेकाच्या आट्यांवरून बोट फिरवून चाचांच्या हातात देत गेला. सगळे दिले, तरी जाईना. म्हटलं, काय राहिलं? म्हणाला, "बसलेलं बघून जातो. झोप येणार न्हाय."

म्हणजे आता जागे राहणारे वाढले होते.

*

ब्लॉकमधली भोकं खालून बंद असतात. त्यांच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड पिळला, तर तेलाला जायला वाट नसते आणि ब्लॉकच तडकतो. हे चाचांनी शिवाप्पाला सांगायला नको होतं.

त्यानं कुणालाच भोकं साफ करू दिली नाहीत. तारेला फडकं गुंडाळून स्वतः बसला. आत घालायचं, पिळायचं, बाहेर काढून उजेडात बघायचं. पुन्हा घालायचं. मग शंका आली म्हणून एका भोकावर तोंड धरून जोरात फुंकलं. उरलंसुरलं काळं तेल सगळं तोंडावर आलं. फक्त डोळे दिसत होते.

आम्ही पोट धरून हसलो. तो तसाच वळला आणि म्हणाला, "बघा, होतं का न्हाय?"

*

हेड आवळताना चाचा कुणाला बोलू देत नसत. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, थोडं थोडं, फेरी करून. पान्याला लांब पाईप लावायचा आणि कान नटाकडे. नट करकरला की थांबायचं. पीळ मोजणारा टॉर्क रेंच आमच्याकडे कुठला? चाचांचा कान हाच आमचा मीटर.

शेवटच्या फेरीला त्यांनी पाईप माझ्या हातात दिला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. तेवढ्यात रस्त्यानं वरात आली. बँड, नाच, घोड्यावर नवरदेव. आणि वरात नेमकी आमच्याच दारात थांबून नाचायला लागली. चाचा पाईप धरून उभे. मीही उभा. हात भरून आले. सोडता येईना आणि पिळताही येईना. गाणं संपलं की दुसरं सुरू.

शेवटी चाचा बाहेर गेले आणि बँडवाल्याला हात जोडून म्हणाले, "भाई, आत ऑपरेशन चालू आहे."

बँड थांबला. अख्खी वरात पाय न वाजवता पुढं सरकली. एका म्हाताऱ्या बाईनं दारातल्या शिवाप्पाला हळूच विचारलं, "घरचंच माणूस हाय का?"

"व्हय," शिवाप्पा म्हणाला.

तिनं कनवटीची खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली. "काळजी करू नगं, लेकरा. वाचतंय."

त्यानं ती खाल्ली नाही. पुडी बांधून खिशात ठेवली.

*

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याच्या हातानं हेड आवळलं, त्यानं पहिल्या भरल्या खेपेला केबिनमध्ये बसायचं. पाणी उडालंच, तर ड्रायव्हरचं तोंड त्यानं बघायचं. चाचांचे गुडघे दुखत होते म्हणून मी बसलो. शिवाप्पा स्टिअरिंगवर, मधे मी, दाराशी गुरप्पा, पिशवी मांडीवर.

गाडीत सिमेंट भरलेलं. निघायच्या आधी इंजिन गरम करून चाचांनी पुन्हा एकदा सगळे नट आवळून दिले होते. तुळजापूरच्या घाटाकडं निघालो. ऊन चढलेलं. सगळ्यांचे डोळे पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर.

घाट लागला. शिवाप्पानं गिअर उतरवला. पहिल्या वळणाला काटा हलला. दुसऱ्या वळणाला आणखी वर आला. हेड याच ठिकाणी उचलायचं. इंजिनच्या आवाजात दुसरा कुठला आवाज येतोय का ते मी ऐकत होतो. शिवाप्पाचे ओठ पांढरे पडले होते.

"थांबू का?" त्यानं मला विचारलं. थांबलं तर भरलेली गाडी पुन्हा चढावर उचलावी लागणार. नाही थांबलं तर...

तेवढ्यात मला आवाज आला. इंजिनचा नव्हता. माझ्या डाव्या बाजूनं होता. टॅक, टॅक, टॅक.

मी वळून बघितलं. गुरप्पा पुढं झुकला होता. पिशवी पायाशी पडली होती. एक हात डॅशबोर्डवर, दुसरा हवेत, कासरा धरल्यासारखा. डोळे चढावर. आणि चढाला बैल हाकताना करतात तसा जिभेनं टाळूवर आवाज करत होता. मधेच कानडीत काहीतरी पुटपुटायचा, पुन्हा टॅक, टॅक. आपण काय करतोय हे त्याला माहीत नव्हतं.

शिवाप्पानंही बघितलं. मग त्यानं काट्याकडं बघितलंच नाही. समोर बघत राहिला.

गाडी वर आली.

सपाटीला झाडाखाली शिवाप्पानं ट्रक उभा केला. आम्ही उतरलो. बॉनेट उघडलं. हेडच्या कडेनं बोट फिरवलं, कोरडं होतं. रेडिएटर निवेपर्यंत थांबून झाकण काढलं. पाणी गळ्यापर्यंत, एक बुडबुडा नव्हता. मी शिवाप्पाचा हात धरून तो स्टडवर ठेवला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"अण्णा," तो म्हणाला, "बघ की."

गुरप्पा जवळ आला. वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग धाकट्याच्या शर्टाच्या बाहीला सिमेंट लागलं होतं, ते हातानं झटकलं. केबिनमधून आपली पिशवी काढली, धोतराचा सोगा हातात घेतला आणि गावाकडं जायला एस.टी. स्टँडच्या रस्त्यानं एकटाच चालू लागला.